पायी पाहिलेलं स्थळ

रत्नागिरीच्या मुलाचं स्थळ आलं ते आमच्या घरात सगळ्यांना एकदम पसंत पडलं, आणि तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी तेव्हा कोल्हापुरात एका खासगी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करत होते. वडील निवृत्त शिक्षक. समोरचा माणूस बोलतो ते खरंच असणार, असं धरून चालणारे. माझ्या चुलतबहिणीचं लग्न त्यांच्याच पुढाकाराने ठरलं होतं. मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे असं सांगितलं होतं आणि तो इंजिनिअर होताही, पण त्याची नोकरी कधीच सुटलेली होती. रोज सकाळी बायकोने भरून दिलेला डबा घेऊन तो घराबाहेर पडायचा आणि एका बागेत बसून दुपारी तो खाऊन संध्याकाळी परत यायचा. बहिणीला हे कळलं ते शेजारणीकडून. ती माहेरी परतली तेव्हापासून मला कुठलाही बायोडेटा सरळ वाचता येईना. प्रत्येक ओळीमागे काहीतरी लपवलेलं दिसायचं.

या बायोडेटात लिहिलं होतं, व्यवसाय मरीन इंजिन, म्हणजे बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप. घर स्वतःचं. एक बहीण, लग्न झालेली. आई गृहिणी. वडील कालकथित, म्हणजे वारलेले. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी तसं लिहितात. फोटोत मुलगा एका पांढऱ्या गाडीला टेकून उभा होता. गाडी त्याचीच असेल असं मला एक क्षणही वाटलं नाही. या सगळ्याहून जास्त खटकलं ते मध्यस्थाचं एक वाक्य. चहाचा कप खाली ठेवता ठेवता ते म्हणाले होते, "मुलाचं मागे एकदा ठरलं होतं, मोडलं. गैरसमज झाला, दुसरं काही नाही."

दुसरं काही नसतं तर ते सांगायची गरज काय होती?

बघण्याचा कार्यक्रम पुढच्या रविवारी होता. मी मधल्या वारी रजा टाकली, घरी लॅबचं ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलं आणि पहाटेची एसटी पकडली. आंबा घाट उतरेपर्यंत मी बायोडेटा आणखी दोनदा वाचला.

रत्नागिरीच्या स्टँडवर उतरले तर एक रिक्षावाला लगेच पुढे आला. "कुठे जायचंय? कोणाकडे आलात?"

कोणाकडे, हे त्याला कशाला हवं होतं? मी ठरवून टाकलं, आज चालायचं. रिक्षात बसलं की प्रश्न आले. शिवाय या शहरात जन्म काढायचा असेल तर ते एकदा पायाखालून घालायलाच हवं होतं. मला मिरकरवाड्याच्या बंदरावर जायचं होतं, कारण वर्कशॉप तिथं आहे असं मध्यस्थ म्हणाले होते. रस्ता विचारायचा तर एकाला विचारून भागणार नव्हतं. मी एका फुलवालीला विचारलं, मग पुढच्या चौकात एका शाळकरी मुलीला, मग एका म्हाताऱ्याला. तिघांनी एकच वाट दाखवली तरी मला ती लांबची असावी असं वाटत राहिलं.

आमच्याकडे सपाट रस्त्यांची सवय. इथं कुठलाही रस्ता वर तरी चढत होता नाहीतर खाली तरी उतरत होता. जांभ्या दगडाच्या लाल गडग्यांमधून, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतींमधून, जाणाऱ्या बोळात शिरले की घरांच्या खिडक्यांतून कोणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटायचं. खरंच बघत होते. माझा पंजाबी ड्रेस, पाठीवरची सॅक आणि विचारण्याची तऱ्हा, सगळं परकं. एक बाई तर दारातून म्हणाली, "कोल्हापूरची काय गो?" मी फक्त "इकडं बंदर आहे का सांगा की," एवढंच विचारलं होतं. त्या "की"ने माझा पत्ता सांगितला. त्यानंतर मी शक्य तितकं कमी बोलायचं ठरवलं.

बंदरावर वासाने पाऊल मागे येत होतं. बोटी एकमेकींना चिकटून उभ्या, त्यांच्यावर झेंडे, बर्फाच्या गाड्या, ओरडाआरडा. वर्कशॉप सापडायला वेळ लागला नाही. पत्र्याची शेड, आत इंजिनाचे सुटे भाग मांडलेले, आणि एक वयस्कर मिस्त्री जमिनीवर फतकल मारून काहीतरी घासत बसलेला. बोर्डावर मुलाचं आडनाव होतं. आडनाव तर कोणाचंही असू शकतं, मी मनात म्हटलं.

मी तयारी करून आले होते. "माझ्या काकांची बोट आहे गुहागरला," मी म्हणाले. "इंजिन दुरुस्त करायचंय. मालक कुठं आहेत?"

मिस्त्रीने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "कुठलं इंजिन?"

"बोटीचं."

"ते झालं. कंपनी कुठली? किती सिलिंडर?"

याचा विचार मी केलाच नव्हता. "काकांना विचारून सांगते," मी म्हटलं. "मालक कसे आहेत? म्हणजे, काम वेळेवर देतात ना?"

"देतात."

"आणि हिशोबाला सरळ आहेत?"

"काकांना सांगा, सरळ आहेत," मिस्त्री म्हणाला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "मालक एका बोटीवर गेलेत. येतील इतक्यात. बसा."

मी बसले नाही. वळून बाहेर पडले तेव्हा मागे बघितलं, तर मिस्त्री हात फडक्याला पुसून खिशातून फोन काढत होता. गिऱ्हाईक आलं म्हणून मालकाला कळवत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण समजूत काही नीट बसली नाही.

तिथून मी घर बघायला निघाले. विहाराच्या मागची आळी, एवढंच मला माहीत होतं. वाटेत लिलावाच्या शेडपाशी थांबून पाणी प्यायले, तेव्हा ती बाई पहिल्यांदा दिसली. साठीच्या आतबाहेरची, जांभळी साडी, हातात काळी छत्री, खांद्याला कापडी पिशवी. नुकतीच रिक्षातून उतरली होती. मासे घ्यायला आली म्हणावं तर टोपल्यांकडे तिचं लक्ष नव्हतं. ती माणसांची तोंडं न्याहाळत होती. तिची नजर माझ्यावर आली आणि पटकन दुसरीकडे गेली.

विहार सापडला. मागच्या आळीत घरंही मोजकीच. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मी बिस्किटं घेतली आणि दुकानदारणीला म्हणाले, "इथं एखादी खोली भाड्यानं मिळेल का? माझी नोकरी लागतेय इकडं." आणि मग शेजार कसा आहे, हे घर कोणाचं, ते निळ्या दाराचं कोणाचं, असं करत करत मुद्द्यावर आले. निळ्या दाराचं घर त्यांचंच निघालं.

"ती माणसं चांगली आहेत," ती म्हणाली. "मुलगा कष्टाळू. आई तर काय, कोणाच्या अडीअडचणीला पहिली. वडील..." ती बरणीचं झाकण लावता लावता थांबली. "वडील नाहीत."

ती का थांबली? मला वाटलं, मुलाबद्दलचं काहीतरी तिच्या जिभेवर आलं होतं आणि तिने ते गिळलं. मी बिस्किटाचा पुडा तिथंच फोडून खात उभी राहिले, म्हणजे ती आणखी बोलेल. ती बोलली नाही. उलट तिनेच विचारलं, "नोकरी कुठल्या ऑफिसात?" मी काहीतरी पुटपुटून निघाले.

निळ्या दाराला कुलूप होतं. आई गृहिणी, आणि भर सकाळी घराला कुलूप. ओटीवर दोन खुर्च्या, तुळशीऐवजी कढीपत्त्याची कुंडी, वळणीवर एकच गाउन. या घरात खरंच कोणी राहतं का, की दाखवायला म्हणून ठेवलंय? मी गडग्यावरून वाकून बघत होते तेवढ्यात मागे पावलं वाजली. वळले, तर आळीच्या तोंडाशी काळी छत्री. जांभळी साडी.

आता मात्र मी घाबरले. बसमध्ये, मोबाइलवर, सगळीकडे आपण वाचतो ना, एकट्या मुलींना हेरून बायकाच फसवतात म्हणून. मी सॅक पाठीवरून काढून छातीशी धरली आणि दुसऱ्या बाजूने चालायला लागले. वाट कुठं जाते हे न बघता उतरत, चढत, पुन्हा उतरत राम आळीत बाजारपेठेत आले. गर्दी बघून जीवात जीव आला. एका कापडाच्या दुकानात शिरून उगाच ओढण्या काढायला लावल्या. काचेतून रस्त्यावर नजर. ती समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती, छत्री मिटून गुडघे चोळत. दुकानदाराला मी हळूच विचारलं, "समोरच्या त्या बाई ओळखीच्या आहेत का?" तो मान उंच करून बघत म्हणाला, "कुठल्या?" आणि त्याने बघेपर्यंत मध्ये टेम्पो उभा राहिला.

मागच्या दाराने मला सोडा म्हणायचं धाडस झालं नाही. ओढणी न घेताच निघाले. पोलिसांकडे जावं, तर सांगायचं काय? एक म्हातारी माझ्या मागे छत्री घेऊन फिरते? आणि मी इथं काय करते, असं त्यांनी विचारलं तर? वडिलांना फोन लावायचा तर मी ट्रेनिंगला होते. एकाएकी माझ्या लक्षात आलं की आज सकाळपासून मी भेटेल त्या माणसाशी खोटं बोलले होते, आणि संशय मात्र दुसऱ्यांचा घेत होते. हा विचार मला आवडला नाही. मी तो बाजूला सारला आणि पावलं उचलली.

मांडवीला पोचले तेव्हा पाय भरून आले होते. उन्हामुळे किनाऱ्यावर फारसं कोणी नव्हतं. जेट्टीच्या कठड्यावर एक जोडपं शेंगदाणे खात बसलं होतं. त्यांच्या जवळपास, हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर मी बसले आणि चपला काढल्या. टाचेला फोड आला होता. समुद्र मी आयुष्यात दुसऱ्यांदा बघत होते आणि त्याच्याकडे बघायला मला सवड नव्हती. मी रस्त्याकडेच तोंड करून बसले होते. आणि ती आलीच. सावकाश, थांबत थांबत, छत्री टेकत. यावेळी तिने लपण्याचा काहीच प्रयत्न केला नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"जयभीम, बाय."

"जयभीम," मी म्हटलं. तोंडातून आपसूक गेलं.

"म्हणजे तूच," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी धपकन बसली. "किती चालतेस गो! माझ्या गुडघ्यांची पार वाट लावलीस."

"कोण तुम्ही?"

"निळ्या दाराच्या घरात वाकून बघत होतीस ना, ते माझं घर. मी त्याची आई."

माझे कान तापले. मी उलट्या बाजूने सुरुवात केली. "मग सकाळपासून माझ्या मागे का फिरताय?"

"तू का फिरतेयस आमच्या मागे?" तिच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "मिस्त्र्याने फोन केला. कोल्हापूरकडची एक पोरगी आलीये, गुहागरला काकाची बोट आहे म्हणते आणि इंजिन कुठलं ते माहीत नाही. मुलगा म्हणाला, आई, तीच असणार. फिरू दे तिला. पण एकटी मुलगी, शहर माहीत नाही, माझ्याने घरात बसवेना."

"पण मग हाक मारायची ना."

"हाक मारली असती तर पळाली असतीस. आणि खरं सांगू का? मलाही बघायचं होतं, तू काय काय करतेस ते."

तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. स्वतः दोन घोट घेतले आणि मग माझ्यापुढे धरली. ती आधी प्यायली म्हणून मी प्यायले, हे तिच्याही लक्षात आलं असावं.

"आम्हीही बघून गेलोय तुला," ती म्हणाली. "माझा भाऊ आला होता तुमच्या लॅबात. रक्त देऊन गेला."

मला तो माणूस झटकन आठवला. पांढऱ्या मिशांचा, जाड चष्म्याचा. सुई टोचताना विचारत होता, तुम्ही घरी स्वयंपाक करता का, वडील तापट आहेत का. मी त्याला हात हलवू नका म्हणून दटावलं होतं.

"काय म्हणाले ते?"

"म्हणाला, मुलगी फटकळ आहे, पण सुई लागली ते कळलं नाही. आणि त्याची शुगर निघाली ना भरपूर. भात बंद केलाय डॉक्टरने. रोज जेवताना तुझं नाव काढतो."

मला हसू आलं, आणि ते अर्ध्यात थांबलं. कारण माझं डोकं पुढे धावत होतं. मिस्त्र्याला माहीत होतं, मुलाला माहीत होतं, तर मग किराणावालीलाही फोन गेला असणार. "कष्टाळू", "चांगली माणसं", हे सगळं पढवलेलं. दिवसभर पाय झिजवून मी जे गोळा केलं होतं त्यातलं आता काहीच धरता येईना.

मी तसं विचारलंच. "त्या दुकानवालीला तुम्हीच सांगून ठेवलं होतं ना, काय बोलायचं ते?"

"सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "पण आज नाही. पूर्वीच." ती समुद्राकडे बघत राहिली. "सगळ्या आळीला सांगून ठेवलंय. मुलाचे वडील नाहीत, एवढंच बोलायचं."

"म्हणजे?"

"वारले नाहीत ते. मुंबईला असतात. कामाला म्हणून गेले आणि तिकडे दुसरा संसार मांडला. मुलगा शाळेत होता तेव्हा. मागचं लग्न ठरलं होतं, तेव्हाही आम्ही वारले म्हणूनच सांगितलं होतं. साखरपुड्याला मुलीच्या मामाने मंडपात बोलून दाखवलं, वारलेला माणूस मी परवा परळला पाहिला. झालं. ती माणसं उठून गेली. चूक त्यांची नव्हती."

शेंगदाणे खाणारं जोडपं उठून गेलं. बायोडेटातल्या प्रत्येक गोष्टीवर मी संशय घेतला होता. वर्कशॉपवर, घरावर, फोटोतल्या गाडीवरसुद्धा. वडिलांच्या ओळीवरून मात्र माझी नजर सरळ पुढे गेली होती. मेलेल्या माणसाची कोण चौकशी करतं?

"मला का सांगितलंत?" मी विचारलं. एक खरी वाईट गोष्ट सांगितली की माणूस बाकीच्या सगळ्यावर विश्वास ठेवतो, हेही माझ्या मनात येऊन गेलं.

"इतकी चाललीस म्हणून," ती म्हणाली. "रविवारी तुझ्या वडिलांसमोर बसून पुन्हा तेच सांगायचं, मला जमलं नसतं आता. तू नको म्हण. चालेल."

जेवायला घरी चल म्हणाली, मी नाही म्हटलं. मग तिने तिथंच पिशवीतून डबा काढला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. घरातून निघताना घाईत भरला होता. मुलगी उपाशी असेल म्हणून. आम्ही कठड्यावर बसून खाल्लं. चटणी तिखट होती, डोळ्यांत पाणी आलं, आणि पहिल्यांदाच मी समुद्राकडे तोंड करून बसले.

स्टँडवर सोडायला तिने मुलाला बोलावलं. मी नको म्हणत होते तरी. तो आला तो ग्रीसने माखलेल्या शर्टातच, पायी. फोटोपेक्षा काळा आणि बुटका. आईला त्याने रिक्षात बसवून दिलं आणि आम्ही दोघं चालत निघालो.

"फोटोतली गाडी कोणाची?" मी विचारलं.

"बहिणीच्या नवऱ्याची."

"वडील वारले असं लिहायचं कोणी ठरवलं?"

"मी. शाळेत असताना. मास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं, वडील काय करतात. मला पटकन तेच आलं तोंडात. दुसऱ्या दिवशी मास्तर घरी भेटायला आले, आईचं सांत्वन करायला. आईने मला खोटं पाडलं नाही. तेव्हापासून तेच चालू आहे."

"आणि पुढे? मलाही तेच सांगायला लावणार?"

"तुम्ही आलातच तर," तो म्हणाला, "तुम्ही सांगाल ते."

हे उत्तर मला फार सोपं वाटलं. कोणीही देईल असं. मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "हो, सोपं आहे. करायला जड जाईल." मग स्टँड येईपर्यंत आम्ही इंजिनांबद्दल बोललो, म्हणजे तो बोलला आणि मी अधूनमधून अडवत राहिले.

घरी गेल्यावर मी वडिलांना सगळं सांगितलं, ट्रेनिंगच्या थापेसकट. ते खूप वेळ चष्मा पुसत बसले. "एवढं चाललीस?" एवढंच म्हणाले. आई चिडली. रविवारचा कार्यक्रम आम्ही पुढे ढकलला, नंतर आणखी पुढे. दरम्यान तो दोनदा कोल्हापूरला आला. मी पुन्हा रत्नागिरीला गेले, न सांगता. घराला कुलूप नव्हतं. त्याची आई, म्हणजे आताच्या माझ्या सासूबाई, ओटीवर कोलीम, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, निवडत बसल्या होत्या. मी आल्याचं त्यांना काही विशेष वाटलं नाही. खोटं बोलायची सवय असलेल्या माणसाच्या घरात कसं राहायचं, हा प्रश्न मला छळायचा. त्याचं उत्तर मिळालं असं नाही. मी फक्त त्याला विचारत राहिले आणि तो कंटाळला नाही.

लग्नपत्रिकेवर त्याच्या वडिलांचं नाव आधी कालकथित न लावता नुसतं छापलं. आळीत चार दिवस चर्चा झाली. कोणी म्हणालं, छपाईत चूक झाली. कोणी दुरुस्ती करून घ्या म्हणून सांगायला घरी आलं. सासूबाई म्हणाल्या, चूक नाही.

एक पत्रिका मुंबईलाही गेली होती. लग्नाच्या दिवशी वंदना सुरू असताना मला हॉलच्या मागच्या दाराशी एक माणूस दिसला. पांढरा शर्ट, अंगाने उतरलेला, चप्पल हातात. मी नवऱ्याला कोपराने डिवचलं. "तेच का?"

"हो."

"कशाला आलेत?"

"माहीत नाही," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

सगळे विधी होईपर्यंत माझी नजर त्या दारावरच होती. हा माणूस आता काय मागायला आला असेल, कुठला हक्क सांगेल, घरात हिस्सा तर नाही ना मागणार, असं एकामागून एक मनात येत होतं. पंगतीच्या वेळी सासूबाई हातात ताट घेऊन त्या दिशेने गेल्या. मीही उठले आणि दोन पावलं मागे उभी राहिले, काही बोलणं झालं तर ऐकू यावं म्हणून. काहीच झालं नाही. त्यांनी ताट त्याच्या हातात दिलं, "आत बसा, ऊन आहे," म्हणाल्या आणि पुढच्या पंगतीला वाढायला निघून गेल्या.